अपयशाचा धनी कोण?

एखादा संघ मोठ्या फरकाने हरला, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या मराठी वृत्तपत्रांत त्याचे 'पानिपत' झाल्याचे वाचावयास मिळते. १४ जानेवारी १७६१ रोजी यमुनेकाठच्या प्रदेशात जे घडले, त्याने आपल्या भाषेला हा एक शब्द कायमचा देऊन ठेवला. परंतु त्याच सेनापतीने त्याच्या अवघे अकरा महिने आधी, आपल्या या लातूर जिल्ह्याच्या भूमीवर, उदगीर-औशाच्या टापूत जो मोठा विजय मिळविला, त्याने भाषेला काहीच दिले नाही. कोणत्याही विजयी संघाने आपल्या प्रतिस्पर्ध्याचे 'उदगीर' केले असे कोणी म्हणत नाही. यश भाषेतून लवकर पुसले जाते आणि अपयश मात्र शब्दाच्या रूपाने शतकानुशतके टिकते, हा मनुष्यस्वभावाचा एक चमत्कारच म्हणावयाचा.

अपयशाबरोबर आणखी एक गोष्ट टिकून राहते. ती म्हणजे, हे कोणामुळे झाले, हा प्रश्न. रणांगण असो वा क्रीडांगण, पराभवाच्या बातमीपाठोपाठ हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर बहुधा एका माणसाच्या नावात शोधले जाते. जो प्रत्यक्ष मैदानात उभा राहून सूत्रे हलवीत होता त्याचा दोष, की ज्याने त्याला शिकवून, सजवून, योजना आखून मैदानात पाठविले त्याचा दोष? आज या प्रश्नाचा थोडा ऐतिहासिक विचार करावयाचा आहे.

हा वाद एकट्या आपल्याच देशात चालतो असे नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा लोकांच्या जिव्हाळ्याचा खेळ आहे. तो आपल्याकडील पायाने खेळण्याचा फुटबॉल नव्हे. हातात चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत मुसंडी मारण्याचा तो खेळ. त्यात 'क्वार्टरबॅक' नावाचा एक खेळाडू असतो. संघाच्या जवळजवळ प्रत्येक चालीचा आरंभ त्याच्या हातून होतो. म्हणून सर्वांची दृष्टी त्याच्यावर खिळलेली. मैदानाच्या कडेला प्रशिक्षक उभा असतो आणि कोणती चाल खेळावयाची हे बहुधा तोच ठरवितो. तेथील कित्येक राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित नोकरांमध्ये सर्वांत अधिक वेतन घेणारा मनुष्य राज्यपाल नसून विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. दोन-तीन सामने लागोपाठ हरले, की गावोगाव दोन तट पडतात. एक म्हणतो, या पोराला चेंडू फेकता येत नाही; दुसरा म्हणतो, चाल सांगणाऱ्यालाच अक्कल नाही. वीस-एकवीस वर्षांचा विद्यार्थी आणि लक्षावधी डॉलर घेणारा त्याचा गुरू यांच्यापैकी एकाला बळी द्यावयाचा, एवढेच जणू शिल्लक उरते.

हा वाद ऐकणाऱ्या मराठी माणसाला तो अपरिचित वाटण्याचे कारण नाही. पानिपताविषयी आपणही गेली अडीचशेहून अधिक वर्षे हेच करीत आलो आहो. म्हणून आरंभ आपल्याच भूमीपासून करू.

३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेचा निर्णायक पराभव केला. निजामाचे सैन्य उदगिराहून निघून औशाच्या रोखाने, पुढे धारूरकडील कुमक गाठण्याच्या आशेने चालले होते. भाऊंनी हलक्या घोडदळाने त्याला चोहोंकडून वेढले, कुमक पोहोचू दिली नाही, आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा मारा त्याच्यावर केला. मराठ्यांचा जुना चपळपणा आणि नवा तोफखाना यांचा असा मिलाफ क्वचितच साधला असेल. तहात सुमारे साठ लक्षांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी नामांकित ठाणी मिळाली. चिमाजीअप्पांच्या या पुत्राची कीर्ती एकदम शिखरास पोहोचली.

त्याच वेळी उत्तरेहून अब्दालीच्या स्वारीची आणि दत्ताजी शिंद्यांच्या मृत्यूची वार्ता आली. उदगीर जिंकणारा सेनापती हाताशी आहे, तोफखाना हाताशी आहे, मग त्यांनाच पाठवावे, हा विचार पुढे आला. उत्तरेच्या आधीच्या मोहिमेत रघुनाथरावांनी कर्जाचा डोंगर करून आणला होता, हेही एक कारण झाले. मराठवाड्यातीलच परतूर येथून मार्च १७६० मध्ये भाऊ उत्तरेकडे निघाले. त्यांनी तोपर्यंत उत्तर हिंदुस्थानात एकही मोहीम केलेली नव्हती.

पुढील हकीकत सर्वांस ठाऊक आहे. माणूस तोच, तोफखाना तोच, गारदीही तोच. परंतु देश निराळा. उदगिराजवळ शत्रूची कुमक तोडणे भाऊंच्या हाती होते. पानिपतावर स्वतःची रसद तोडली जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. दख्खनेत प्रत्येक गाव, प्रत्येक ओढा आपला. तेथे मित्र थोडे, वाट लांब, सोबत हजारो यात्रेकरू आणि बायकामुले. सुरजमल जाट वाटेतून परतला. मल्हारराव होळकरांसारख्या उत्तरेत मुरलेल्या सरदारांना जड लवाजमा मागे ठेवून गनिमी काव्याने लढणे श्रेयस्कर वाटत होते. छावणीत दोन-अडीच महिने उपासमार चालली असता, इकडे डिसेंबर १७६० मध्ये पैठणास नानासाहेब पेशव्यांचा दुसरा विवाह लागत होता.

आता दोष कोणाचा? एक पक्ष म्हणतो, भाऊंचा. ते हट्टी, अनुभवी सरदारांचे ऐकत नव्हते. दुसरा म्हणतो, पेशव्यांचा. पैसा दिला नाही, कुमक वेळेवर नेली नाही, उत्तरेतील मित्र आधीच दुखावून ठेवले. तिसरा पक्ष होळकरांना धरतो. या साऱ्या आरोपांत थोडेबहुत तथ्य आहे, आणि म्हणूनच त्यांतील कोणताही एक पुरेसा नाही. परंतु एक गोष्ट स्पष्ट दिसते. उदगीरच्या विजयाचे सगळे श्रेय आपण एका माणसाच्या पदरात टाकले. त्यात दख्खनच्या भूमीचा, जवळच्या रसदेचा आणि निजामाच्या दुर्बल स्थितीचा किती वाटा होता याचा हिशेब मांडला नाही. तो हिशेब कोणी मांडला असता, तर उदगीरचा विजय पानिपतची हमी देत नाही, हे परतूरलाच कळून आले असते. मोठ्या पराभवाची बीजे कित्येकदा विजयाच्या चुकीच्या हिशेबात असतात, असे म्हणावयास हरकत नाही.

हाच नियम क्रीडेच्या इतिहासाला लावून पाहण्यास आपल्याजवळ एक फार उत्तम उदाहरण आहे. ते म्हणजे अजित वाडेकर यांचे. एकाच मराठी माणसाने प्रथम कर्णधार म्हणून, आणि वीस वर्षांनी संघाचा व्यवस्थापक व मार्गदर्शक म्हणून, अशा दोन्ही आसनांवरून यश आणि अपयश भोगले. असा प्रसंग क्रीडेच्या इतिहासात थोड्यांच्याच वाट्याला आला असेल.

जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीने मन्सूर अली खान पतौडी यांच्या जागी वाडेकरांना भारताचे कर्णधार नेमले. समितीची मते समसमान पडली, आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने हा निर्णय झाला. त्यानंतर अद्भुत घटना घडल्या. वेस्ट इंडीजमध्ये भारताने पाच कसोटींची मालिका एक विरुद्ध शून्य अशी जिंकली. सुनील गावसकर या नवोदिताने चार कसोटींत ७७४ धावा केल्या, दिलीप सरदेसाई यांनी ६४२. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ओव्हलच्या मैदानावर, ऐन गणेशोत्सवाच्या सुमारास, २४ ऑगस्ट रोजी भारताने इंग्लंडच्या भूमीवरील आपला पहिला कसोटी विजय मिळविला. भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा गडी बाद केले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. मुंबईस परतलेल्या संघाची थाटाची मिरवणूक निघाली. इंदूर शहरात तर या विजयाचे स्मारक म्हणून काँक्रीटची एक प्रचंड बॅट उभारण्यात आली. पुढे १९७२-७३ च्या हंगामात इंग्लंडचा संघ आपल्याकडे आला, तोही दोन विरुद्ध एक असा हरला. लागोपाठ तीन मालिका जिंकणाऱ्या कर्णधाराला लोकांनी डोक्यावर घेतले, यात नवल नाही.

इंग्लंडच्या १९७१ च्या दौऱ्यात संघाचे व्यवस्थापक होते लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी. ते पुण्यास जन्मलेले, लष्करी शिस्तीचे गृहस्थ. त्या काळी 'प्रशिक्षक' हे पद संघाबरोबर नसे. व्यवस्थापकच ते काम पाही. अधिकारी यांनी खेळाडूंकडून कसून व्यायाम करून घेतला आणि क्षेत्ररक्षणावर विशेष भर दिला. भारतीय संघ झेल सोडतो ही जुनी अपकीर्ती त्या वर्षी पुसली गेली. फलंदाजाच्या अगदी जवळ, हात लांबविला तर बॅटीस लागेल अशा अंतरावर उभे राहणारे एकनाथ सोलकर हे त्या शिस्तीचे मूर्त रूप होते. फिरकी गोलंदाजांना मिळालेल्या कित्येक बळींत सोलकरांच्या हातांचा वाटा बरोबरीचा होता.

एवढे झाल्यावर विजयाचा हिशेब पुरा होतो काय? नाही. चंद्रशेखर हे १९६७-६८ नंतर कसोटी संघाबाहेर पडले होते. वेस्ट इंडीजलाही ते गेले नव्हते. त्यांना इंग्लंडला न्यावे हा निर्णय निवड समितीचा. तसेच त्या मालिकेतील आधीच्या दोन कसोटींकडेही पाहावयास हवे. लॉर्ड्सवर भारताला १८३ धावा हव्या होत्या. १४५ धावांत आठ गडी बाद झाले असता पावसाने खेळ थांबविला. मँचेस्टरला ४२० धावांचे दुर्घट लक्ष्य समोर असता भारताचे तीन गडी ६५ धावांत गेले होते, आणि शेवटचा दिवस पावसाने धुऊन काढला. ओव्हलच्या विजयाआधी मेघराजाने आपल्याला निदान एका पराभवातून वाचविले. आणखी एक गोष्ट. त्या उन्हाळ्यात इंग्लंडला पाकिस्तान आणि भारत असे दोन पाहुणे होते. पाकिस्तानचे सामने आधी झाले. आपल्या वाट्यास जुलै-ऑगस्टचा उत्तरार्ध आला. उन्हाळ्याच्या अखेरीस इंग्लंडमधील खेळपट्ट्या त्यातल्या त्यात कोरड्या होतात. फिरकीला आणखी काय हवे?

परंतु मिरवणुकीत असा हिशेब कोण मांडणार? उदगीरनंतर तो मांडला गेला नाही, ओव्हलनंतरही नाही.

१९७४ साली भारताचा संघ पुन्हा इंग्लंडला गेला. कर्णधार तेच, वाडेकर. व्यवस्थापक तेच, अधिकारी. गावसकर, विश्वनाथ, इंजिनियर, सोलकर, अबिद अली, आणि बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन हे चार फिरकी गोलंदाज, हेही तेच. इतिहासाच्या अभ्यासकाला प्रयोगशाळा नसते, असे म्हणतात. परंतु येथे दैवाने जणू प्रयोगच करून दाखविला. नायक आणि मार्गदर्शक कायम ठेवून बाकीची परिस्थिती बदलली, तर काय होते?

बदललेली पहिली गोष्ट म्हणजे ऋतू. या वेळी भारताचे सामने आधी ठेवण्यात आले, पाकिस्तानचे नंतर. जूनच्या आरंभी मँचेस्टरला कडाक्याची थंडी, ओलसर हवा आणि पाऊस यांत आपले खेळाडू स्वेटरांवर स्वेटर चढवून उभे होते. अशा हवेत चेंडू हवेतच वळतो आणि द्रुतगती गोलंदाजाचे राज्य चालते. इंग्लंडजवळ विलिस, ओल्ड, अरनॉल्ड, हेंड्रिक हे गोलंदाज होते. आपल्याजवळ काय होते? अबिद अली, सोलकर, मदनलाल हे कष्टाळू पण मध्यमगती गोलंदाज. नव्या चेंडूची चकाकी उतरविणे आणि तो लवकरात लवकर फिरकीवाल्यांच्या हाती देणे, एवढेच काम आपल्या देशातील खेळपट्ट्यांनी त्यांना शिकविले होते.

पहिली कसोटी ११३ धावांनी गेली. गावसकरांचे १०१ धावांचे शतक तीत झाकून गेले. लॉर्ड्सच्या दुसऱ्या कसोटीत इंग्लंडने ६२९ धावांचा डोंगर रचला. चंद्रशेखर जखमी झाले आणि एक हुकमी अस्त्र हातचे गेले. भारताच्या पहिल्या डावात ३०२ धावा झाल्या. ही संख्या लाजिरवाणी नव्हती. परंतु फॉलोऑन स्वीकारून दुसरा डाव सुरू झाल्यावर, सोमवार २४ जून रोजी ढगाळ सकाळी, अवघ्या १७ षटकांत साऱ्या संघाचा ४२ धावांत निकाल लागला. ओल्ड यांनी पाच व अरनॉल्ड यांनी चार गडी बाद केले. दोन अंकी धावसंख्या एकट्या सोलकरांची, नाबाद १८. एक डाव व २८५ धावांनी पराभव झाला. बर्मिंगहॅमच्या तिसऱ्या कसोटीत इंग्लंडचे दोनच गडी बाद करता आले आणि तीही एक डाव व ७८ धावांनी गेली. तीन विरुद्ध शून्य.

त्यानंतर जे घडले ते स्मरणात ठेवण्याजोगे आहे. वाडेकरांच्या मुंबईतील घरावर दगड पडले. इंदूरच्या त्या काँक्रीटच्या बॅटीला काळे फासण्यात आले. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले, आणि तेहतिसाव्या वर्षी त्यांनी खेळातून निवृत्ती पत्करली. पुढील मालिकेसाठी पतौडी पुन्हा कर्णधार झाले. ज्या एका मताने १९७१ साली एक माणूस वर चढला होता, त्याला खाली आणण्यास मतांची मोजणीही लागली नाही. त्याच दौऱ्यात भारताचा पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि त्यात वाडेकरांनी ६७ धावा काढल्या, हे तर त्या गदारोळात कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

आता न्यायाच्या आसनावर बसून पाहू. वाडेकर निर्दोष होते असे म्हणावयाचे नाही. कसोटींत त्यांची स्वतःची फलंदाजी चालली नाही. संघात बेबनाव होता. प्रमुख गोलंदाज बिशनसिंग बेदी आणि कर्णधार यांचे पटत नव्हते, हे पुढे लपून राहिले नाही. संघाची मने एकत्र ठेवणे हे कर्णधाराच्या हातातील काम आहे. त्यात उणीव राहिली तर ती त्याच्या खात्यावर मांडलीच पाहिजे. व्यवस्थापकाच्या खात्यावरही काही मांडावे लागेल. शिस्त ही विजयी संघाला जशी बांधून ठेवते, तशी ती पराभूत संघाला ठेवतेच असे नाही. तेथे धीर देणारा, भांडण मिटविणारा वडीलधारा लागतो. मैदानाबाहेरचे वातावरण सांभाळणे हे व्यवस्थापकाचे काम होते, आणि ते वातावरण त्या दौऱ्यात बिघडले.

परंतु ही दोन्ही खाती मांडून झाल्यावर मोठी रक्कम शिल्लकच राहते. जूनमध्ये खेळावयाचे की ऑगस्टमध्ये, हे कर्णधाराने ठरविले नव्हते. हिंदुस्थानात अशा खेळपट्ट्या वर्षानुवर्षे का तयार होत राहिल्या की ज्यांवर द्रुतगती गोलंदाज जन्मासच येऊ नये, आणि जो जन्मला त्याने निराश होऊन फिरकीकडे वळावे, याचे उत्तर व्यवस्थापकाजवळ नव्हते. ज्या फलंदाजाने घरच्या सामन्यांत खरा वेगवान चेंडू वर्षभरात पाहिला नाही, त्याला दौऱ्याच्या चार-सहा आठवड्यांत कोणता गुरू तो खेळावयास शिकविणार? येथे दोष नियामक मंडळाचा, स्थानिक संघटनांचा, आणि ओव्हलच्या आनंदात गुंगून पुढील तीन वर्षे त्या उणिवेकडे डोळेझाक करणाऱ्या आपणा सर्वांचा होता. परंतु मंडळाच्या घरावर दगड मारावयाचा म्हटला तर ते घर सापडत नाही. कर्णधाराचे घर सर्वांना ठाऊक असते.

अधिकारी यांनाही हा न्याय नवा नसावा. १९५८-५९ साली वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला असता पाच कसोटींत आपण चार कर्णधार नेमले: उमरीगर, गुलाम अहमद, विनू मंकड आणि शेवटी दिल्लीच्या कसोटीसाठी हेमू अधिकारी. दिल्लीची कसोटी अनिर्णित राहिली, पण मालिका तीन विरुद्ध शून्य अशी गेलीच. नायक बदलण्याने रोग बरा होत असता, तर चार वेळा औषध बदलणारा तो रोगी खडखडीत बरा व्हावयास हवा होता.

वाडेकरांच्या कथेचा दुसरा अंक अधिक उद्बोधक आहे. १९९३ च्या आरंभी ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. म्हणजे पूर्वी अधिकारी ज्या आसनावर होते, त्यावर आता ते बसले. कर्णधार होते महंमद अझरुद्दीन. इंग्लंडचा संघ आपल्याकडे तीन विरुद्ध शून्य असा हरला, त्याच वर्षी कलकत्त्यास हिरो करंडकही जिंकला. कर्णधार आणि मार्गदर्शक यांचे सूत उत्तम जमले. पुन्हा जयजयकार झाला. आणि मग १३ मार्च १९९६ चा दिवस उजाडला.

विश्वचषकाचा उपांत्य सामना, कलकत्त्याचे ईडन गार्डन, समोर श्रीलंका. नाणेफेक जिंकून अझरुद्दीन यांनी प्रथम क्षेत्ररक्षण घेतले. श्रीलंकेने ५० षटकांत आठ गडी गमावून २५१ धावा केल्या. भारताच्या एक बाद ९८ धावा झाल्या असता सचिन तेंडुलकर ६५ धावांवर यष्टिचीत झाले, आणि पाहता पाहता आठ बाद १२० अशी अवस्था झाली. २२ धावांत सात गडी! खेळपट्टी उखडली होती, चेंडू मनास येईल तसा वळत होता. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आसनांना आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. मैदानातून रडत परतणारे विनोद कांबळी पुष्कळांनी दूरचित्रवाणीवर पाहिले.

देशभर एकच प्रश्न: नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण का? कोणी कर्णधाराला दोष दिला, कोणी मार्गदर्शकाला. वस्तुतः त्या निर्णयामागे कारण होते. अकराच दिवस आधी दिल्लीस भारताने २७१ धावा केल्या असता श्रीलंकेने चारच गडी गमावून त्या पार केल्या होत्या. धावांचा पाठलाग करण्यात हा संघ निष्णात, म्हणून त्याला आधी खेळवावे, हा तर्क मूर्खाचा नव्हता. पहिल्याच षटकात त्यांचे दोन्ही सलामीवीर बाद झाले, तेव्हा तर तो शहाणपणाचाच वाटला. चूक असेल तर ती खेळपट्टी वाचण्याची. दिल्लीवरून कलकत्त्याचा निर्णय घेतला गेला, जसा उदगिरावरून पानिपताचा घेतला गेला होता.

आणि त्या रात्री वाडेकर कोठे होते? मैदानाबाहेर. १९७४ साली बॅट हातात असूनही ते संघाला वाचवू शकले नाहीत. १९९६ साली तर बॅटही हातात नव्हती. मैदानातील माणसाचे असहाय्यपण आणि मैदानाबाहेरील माणसाचे असहाय्यपण या दोहोंचा अनुभव ज्याला आला, असा हा विरळा साक्षीदार. पुढे ते निवड समितीचेही अध्यक्ष झाले, आणि १५ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. आज त्यांचे नाव निघाले म्हणजे लोक ओव्हलची आठवण काढतात. काळ हा प्रेक्षकांपेक्षा अधिक न्यायी असतो. मात्र त्याचा निकाल फार उशिरा लागतो.

येथे कोणी विचारील की, मग कोणालाच दोष देऊ नये काय? तसे नव्हे. दोष देण्यापूर्वी थांबण्याचे फळ काय असते, याचे एक ताजे उदाहरण सांगतो. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेड येथे भारताचा डाव ३६ धावांत संपला. लॉर्ड्सचे ४२ मागे पडले. कर्णधार विराट कोहली पूर्वी ठरल्याप्रमाणे रजेवर मायदेशी परतले. प्रशिक्षक रवी शास्त्री कायम राहिले, संघात आवश्यक ते बदल झाले, पण कोणाचाही बळी देण्यात आला नाही. अजिंक्य रहाणे यांच्या नेतृत्वाखाली दहाच दिवसांत मेलबर्नची कसोटी जिंकली. तीत त्यांनी ११२ धावा केल्या. १९ जानेवारी २०२१ रोजी, प्रमुख गोलंदाज एकामागून एक जायबंदी झाले असताही, ब्रिस्बेनची कसोटी आणि मालिका भारताने जिंकली. हे शक्य झाले कारण मोहंमद सिराज, शार्दूल ठाकूर, वॉशिंग्टन सुंदर अशी नवी माणसे मागच्या फळीत तयार होती. ती तयार करण्याचे काम कनिष्ठ संघांतून, राहुल द्रविड यांच्यासारख्यांच्या देखरेखीखाली, कित्येक वर्षे चालले होते. १९७४ साली ४२ नंतर वळून पाहावे तर मागे द्रुतगती गोलंदाज नव्हता. २०२० साली ३६ नंतर वळून पाहिले तर मागे पंगतच बसली होती. दोन लाजिरवाण्या आकड्यांमधला खरा फरक कर्णधाराचा किंवा प्रशिक्षकाचा नसून या मागच्या फळीचा आहे.

तेव्हा पराभवाचा न्याय करताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, असे मला वाटते. पहिला: हीच माणसे पूर्वी जिंकली होती काय? जिंकली असल्यास तेव्हापासून माणसांखेरीज काय बदलले? दुसरा: जे बदलले ते कोणाच्या हाती होते? जेवढे कर्णधाराच्या हाती तेवढा त्याचा दोष, जेवढे गुरूच्या हाती तेवढा गुरूचा. न अधिक, न उणा. तिसरा, आणि सर्वांत अवघड: त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती नव्हते ते कोणाचे काम होते, आणि ते आता तरी कोणी हाती घेतले आहे काय? लोक बहुधा हा तिसरा प्रश्न विचारण्यापूर्वीच घरी जातात, कारण तोवर एखादा माणूस पदावरून गेलेला असतो आणि सर्वांचे समाधान झालेले असते.

श्रोतेहो, आपल्या नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले, आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे संघ त्याच्या छत्राखाली खेळतात. आपल्या घरातीलच मुले-मुली त्यांत असतात. उद्या आपल्या महाविद्यालयाचा संघ हरून आला, तर नायकाला किंवा क्रीडाशिक्षकाला बोल लावण्यापूर्वी एवढे पाहावे: सरावाला मैदान होते काय, परीक्षेच्या आणि स्पर्धेच्या तारखा एकमेकींवर पडल्या नव्हत्या ना, प्रवासाहून उतरल्याबरोबर मुलांना खेळावे लागले काय, आणि मागल्या वर्षी हाच संघ जिंकला तेव्हा आपण कोणता हिशेब मांडला होता? वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर संस्थेचा सारा भार टाकणे हे अमेरिकेत जितके अन्यायाचे, तितकेच येथेही.

उदगीरचा किल्ला आजही उभा आहे. शाळांच्या सहली तेथे जातात. मुलांना तेथील विजयाची हकीकत सांगितली जाते. ती सांगताना, हा विजय एकट्या भाऊंचा नव्हता, एवढे एक वाक्य शिक्षकांनी जोडावे. ते ज्या मुलाला पटेल, तो पुढे पानिपतही एकट्याच्या माथी मारणार नाही.